खिडकीतलं धुरांडं

ऑगस्टची रात्र, पो नदीच्या मुखाकडची, डासांची.
सहकारी कोठाराच्या भिंतीला ताजा चुना,
चुन्यावर सिनेमा.
गाव घरच्या खुर्च्या उचलून आलंय,
नीवेसबाईंनी तर उशीही आणली आहे.

अक्षरं उमटतात: बॉस्टन. हिवाळा.
सगळे एकदम हसतात.
बॉस्टन म्हणजे डॉक्टर गुआल्दींचा बंगला,
कालवा ओलांडून चालत सहा मिनिटं.
हिवाळा म्हणजे एर्मेसच्या गिरणीतलं
अडीच पोती पीठ,
ज्याचे पैसे अजून यायचेत.

नायिकेचे ओठ मिटतात, मग किंकाळी येते,
रोममधल्या कुठल्याशा खोलीतून, दुसऱ्याच बाईच्या गळ्यातून.
जिना करकरतो. ती करकर दीर्चेच्या स्वयंपाकघराच्या दाराची.
दार गेलं, घर गेलं, दीर्चेही गेली,
करकर तेवढी टिकली.
मान मोडते ती सेलरीची जुडी.
रक्ताचीच खरी पंचाईत झाली होती:
साऱ्या जिल्ह्यात बीटच बीट, पण साखरेचं,
आतून पांढरंफटक.
शेवटी नोर्माच्या तळघरातला टोमॅटो ओतला.
बाराव्या मिनिटाला नीट बघा,
प्रेत हळूच माशी हाकलतं.

आणि भूत!
भुताच्या अंगावर इओलेच्या लग्नातली चादर,
कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिचं अक्षर.
डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली तेव्हापासून
ती सिनेमावाल्यांना शिव्या घालते,
भुताला मात्र टाळ्या.

मी नऊ वर्षांचा होतो.
पडद्यामागे पालथं पडून पडदा हलवायचा,
दिवसाचे पाचशे लिरे आणि एक पीच.
या बंगल्यात जिथे जिथे काही अघटित हलतं
तिथे मी आहे, नाकात धूळ, पोटात पीच.
एकदा पडदा दोनदा हिसका खातो.
जाणकार त्याला काहीही म्हणोत,
ती शिंक होती.

मग एक्केचाळिसावं मिनिट.
कुणी सांगावं लागत नाही.
नीवेसबाईंचा पंखा थांबतो, पोरांना गप्प केलं जातं.
नायिका खिडकी उघडते.
धुकं संपलं होतं, यंत्र भाड्याचं होतं,
पुन्हा चित्रीकरणाला फिल्म उरली नव्हती,
म्हणून चार सेकंद, बॉस्टनच्या आभाळात,
आमच्या साखर कारखान्याचं धुरांडं.
धूर सोडणारं.

डास ऐकू येतात.
लेआर्को टोपी काढतो.
दुपारची पाळी, तिसरा बॉयलर, तो पुटपुटतो,
हा धूर माझा.
त्या धुराखाली तेव्हा तीनशे बारा माणसं होती,
माझा बाप होता, शर्टाच्या बाह्या वर करून,
कदाचित त्याच चार सेकंदांत भाकरीचा घास घेत.
किती कोसलं होतं आम्ही त्या वासाला!
उकडलेल्या मातीचा वास,
वाळत घातलेल्या कपड्यांना, उशांना, नवऱ्यांना.
पुढे यंत्रं विकली गेली, आणि एका रविवारी
सुरुंग लावून धुरांडं पाडलं.
तेव्हाही गाव खुर्च्या घेऊन गेलं होतं.
याच खुर्च्या.

नायिका खिडकी लावते, वळते,
आणि ओठ मिटल्यावर म्हणते,
बाहेर काही नाही.

पुढचं कुणी धड बघत नाही.
चादर पुन्हा येते, इओले टाळ्या वाजवते जराशा उशिरा,
कुणीतरी नाक शिंकरतं, कुणी वाइनची बाटली पुढे सरकवतं.
बंगला जळतो; बंगला म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं,
ज्योती खिडक्यांपेक्षा मोठ्या.
शेवटी राखेवर बर्फ पडतं, पांढरं, दाणेदार,
क्रमांक एकच्या गव्हाचं.
एर्मेस उठून उभा राहतो.
त्याची सावली थेट बॉस्टनमध्ये पडते, बर्फात, गुडघ्यांपर्यंत.
अडीच पोती, तो म्हणतो.
खाली बस असं त्याला
यंदा कुणी म्हणत नाही.