ट्रायपॉड नंबर चार

रजिस्टरात नाव लिहायचं, वेळ लिहायची,
'सुस्थितीत मिळाला' याच्यासमोर सही ठोकायची.
अकरा वर्षं मी हे खोटं लिहीत आले.
चार नंबरचा डावा पाय घसरायचा,
दर वीस मिनिटांनी बोटभर,
चर्चच्या बाकावर म्हाताऱ्याची मान कलावी तसा.
एवारिस्तोने त्याला सायकलची ट्यूब कापून गुंडाळली होती,
वर सुतळी, आणि सुतळीला त्याची ती गाठ
जी म्हणे चिलोए बेटावरच्या कोळ्यांनाच बांधता येते
आणि सोडवता कुणालाच येत नाही.

तीन पाळ्या, सात माणसं, तीन पायांचं एक जनावर.
रात्र त्याची, सकाळ माझी.
आमची गाठभेट क्वचितच.
पण हँडल हातात घेतलं की कळायचं
रात्री शहरात काय झालं ते.
माशाचा वास म्हणजे बंदर.
काजळी म्हणजे कुणाचं तरी घर गेलं.
आणि नुसतंच करकचून आवळलेलं असलं
तर नगरपालिकेची सभा, आणि त्याला आलेला वैताग.

पायांवर चिकटपट्ट्या होत्या, ज्याच्या त्याच्या उंचीच्या.
माझी निळी, सगळ्यांत खाली.
त्याची लाल, चार बोटं वर.
त्याच्याही वर पिवळी, यास्ना कुस्मानिचची,
जी सान्तियागोला गेली ती गेलीच.
तिची पट्टी काढायला कुणी धजलं नाही.

एकदा मी तो लपवला. सांगूनच टाकते.
जुन्या पडद्यांमागे, दिव्यांच्या पेट्यांआड,
मी रजेवरून येईपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून.
आले तर जागच्या जागी होता,
फक्त हँडलला कागद बांधलेला:
"चार नंबर तुझा नाही. माझाही नाही.
लपवायचाच असेल तर आधी पुसत जा,
खारा वारा लागून गंज चढतो."
कान तापले माझे.
पुसायला मात्र लागले.

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
रस्त्यात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
ट्रायपॉडला कोण दोर बांधणार?
त्याच्या पोटाखाली गोणपाटाची पिशवी, पिशवीत दगड,
सामुद्रधुनीच्या काठचे, काळे, गुळगुळीत.
वारा वाढला की जो तो एखादा टाकायचा,
काढत कुणीच नव्हतं.
शेवटी शेवटी पिशवीच जास्त जड झाली होती.

मार्चमध्ये नवे आले. कार्बनचे. प्रत्येकाला एक,
प्रत्येकावर छापलेलं नाव.
भांडारातल्या एदुविनाबाईंनी जुने वजनावर विकले,
रजिस्टर मिटलं, पेन कानामागे खोचलं.
"तक्रारी तुमच्याच होत्या," म्हणाल्या.
खरं होतं. एकट्या माझ्याच सोळा.

नवा हलका आहे. पाय घसरत नाही.
सकाळी उघडते तर कालच्याच उंचीवर, माझ्याच.
वास कशाचाही नाही.
रात्री काय झालं ते मला आता
बातम्यांत बघावं लागतं.

दगडांची नोंद रजिस्टरात नव्हती,
म्हणून ते विकले गेले नाहीत.
पिशवी मी उचलली, कुणाला न विचारता.
नव्याच्या पोटाखाली ती विजोड दिसते,
शहरी जावयाच्या हाती बाजाराची पिशवी द्यावी तशी.
आणली तेव्हा मोजले होते, एकोणीस.
परवा धक्क्यावर वाळू झटकायला रिकामी केली
तर वीस.

विसाव्याला सुतळी गुंडाळलेली होती.
गाठ सोडवायच्या फंदात मी पडले नाही,
आत टाकला, पिशवी अडकवली.
उद्या पहाटे पुन्हा बंदर.
वारा ताशी नव्वदचा सांगितलाय.