ओतकाम

इलाही नदाफ फायर ब्रिगेडात होता तेव्हाची गोष्ट.
बुडालेली माणसं वर काढायचं काम त्याचं,
रंकाळ्यातून, कळंब्यातून, पुराच्या पंचगंगेतून.
किती काढली ते मोजायचा नाही.
"मोजलं की हात जड हुतो," म्हणायचा.

त्या मे महिन्यात पाणी इतकं उतरलं
की संध्यामठ पायापर्यंत उघडा पडला.
खांबांच्या सावलीत पोरं पत्ते कुटत होती.
एकाची चप्पल तरंगत होती,
पोरगं नव्हतं.

इलाही उतरला. वर दोर धरून मी,
त्या दिवशी त्यांच्याकडं माणूस कमी होता म्हणून.
सातव्या गाठीला तळ लागतो, सगळे सांगतात.
सातवी गेली.
पंधरावी गेली.
दोर तीस हातांचा, सकाळी मीच मापून घेतलेला,
तरी तळव्यांतून जात राहिला,
जात राहिला,
मग मी गाठी मोजायचं सोडून दिलं.

वर आला तेव्हा हात रिकामे.
दम लागला नव्हता. ते मला आवडलं नाही.
चहा मागितला, धरून बसला, प्यायला नाही.
"खाली गाव हाय," म्हणाला. "पर भरीव न्हवं."
दोन्ही तळव्यांची ओंजळ केली
आणि मधली रिकामी जागा दाखवली.
"ह्ये. ह्ये गाव हाय."

दुसरा कुणी असता तर हसला असता.
मी छत्तीस वर्षं उद्यमनगरात साचे केले.
वाळू चाळायची, ठोकायची,
लाकडाचा पॅटर्न श्वास रोखून उचलायचा.
मागं उरतं ते नसलेलं असतं,
पण त्याला धार असते, कोपरे असतात,
वजन सोडून सगळं असतं.

म्हणतात, रंकाळा आधी दगडाची खाण होती.
देवळं, वेशी, घाटाच्या पायऱ्या,
सगळं त्या पोटातून निघालेलं.
आम्ही समजत आलो, शहर बांधलं आणि खड्डा उरला.
हिशोब उलटा आहे.
कुणाला तरी खड्डाच हवा होता.
शहर म्हणजे बाजूला टाकलेला राडारोडा,
आपण त्यावर दुकानं मांडली,
तालमी घातल्या, पोरींची लग्नं लावली.

"गल्ल्या हायत," इलाही सांगत होता,
"पर चालायला न्हाईत. बोटांगत हायत.
मधला रस्ता पाठीच्या कण्यागत.
समदं एकाच अंगाचं माप."

आणि पोरगं?

"उभं हाय. हात वर करून,
जनू कायतरी पेललंय.
त्येच्या बाजूला दुसरी. रांगच्या रांग.
मी वर काढलेली बी हायत त्यात, वळखली मी."
मग बराच वेळ गप्प.
"मग इतकी वर्सं मी वर काय आनत हुतो?"

त्याला सांगितलं नाही.
आमच्या धंद्यात साच्यात गाभा बसवतात,
तो हलू नये म्हणून लोखंडाचे बारके टेकू लावतात.
रस ओतला की टेकू त्यातच विरघळतात.
कुणी परत काढत नाही.
(गाभा. गाभारा.
दोन्ही शब्द रोज तोंडात,
सख्खे आहेत हे त्या दिवशी कळलं.)

इलाहीनं नोकरी सोडली.
आता बापाआज्यासारखा गाद्या भरतो.
कुठं पोकळ दिसलं की कापूस कोंबतो,
उशीत, भिंतीच्या भेगेत,
एकदा रिकाम्या कपात.

मला भीती पाण्याची नाही.
ओल्या साच्यात रस ओतला तर स्फोट होतो,
हे उद्यमनगरातलं शेंबडं पोरगंही सांगेल.
तळं भरलेलं आहे तोवर थांबावं लागेल,
ज्याला थांबायचं आहे त्याला.

यंदा मठाच्या खाली एक पायरी जास्त उघडी पडली.
कधी न पाहिलेली.
भल्या पहाटे गेलो, गारठा होता,
वाकून हात ठेवला.
कोरडी.
आणि कोमट,
रस ओतायच्या आधी साचा शेकून ठेवतात, तशी.