खार, ससा, कुत्रा

तारांना जनावरांची नावं कुणी ठेवली
ते नेहारेला ठाऊक नाही, मलाही नाही.
स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग.
तार जितकी जाड, तितकं जनावर मोठं.

बोरखेडी फीडरवर अजून खारच आहे,
माझ्या जन्माआधी ओढलेली.
नकाशात ती एक सरळ काळी रेघ,
सबस्टेशनपासून शेवटच्या डीपीपर्यंत.
नेहारे रेघेवर बोट ठेवतो:
"इथं नाला हाये, मॅडम. इथं खांब वाकला.
इथं दरवर्सी सुगरणीचे खोपे लोंबतात,
मी काढत नाई."

वरून पत्र आलंय,
दहा वर्षांचा आराखडा पाठवा.
कोळशाचे संच एकेक करून थंड होतील,
टेकडीजवळच्या बरडावर सौर पाट्या उभ्या राहतील,
आणि भर दुपारी गावातली वीज
वर चढू लागेल,
आजवर जिकडून उतरत आली तिकडे.

मी रकाने भरते. मागणी. भार. वाढ टक्क्यांत.
हरभऱ्याच्या ओलिताचा रात्री दोनचा भार
नेहारेच्या वहीत आहे,
टक्क्यांत नाही:
'२१ नोव्हेंबर. डीपी नं. ७. तेल उकळलं.
धुऱ्यावर बारा जण जागे.'

चहा येतो. तो बशीत ओतत नाही, नुसता धरून बसतो.
मग विचारतो,
"लाईन इकडून बंद केली का मरते.
सव्वीस वर्सं त्याच भरवशावर खांबावर चढलो.
आता तिकडूनबी येईन म्हणता,
तं मी बंद केल्यावर
ते जिवंत राहीन का?"

पंखा फिरतोय. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घुंई.
पत्रात याला रकाना नाही.

शेवटी 'शेरा' असतो, बोटभर रुंद.
तिथं बारीक अक्षरात लिहिते:
दोन्ही टोकांना स्विच. दोन्ही टोकांना कुलूप.
किल्ली खांबावर चढणाऱ्याच्या खिशात.
जागा संपते, म्हणून समासात जाते.

खारीच्या जागी सशानं भागणार नाही,
कुत्राच मागितलाय, अठरा किलोमीटर.
वाचून दाखवल्यावर नेहारे पहिल्यांदा हसतो.
"कुत्रा चालते, मॅडम.
पण दोहीकडं तोंड असलेला कुत्रा,
त्याले बांधाची साखळीबी
दोनच लागन."

थंड झालेला चहा एका घोटात संपवून
तो झुला खांद्यावर टाकतो.
डीपी नं. ७ चा फ्यूज गेलाय.