पत्ता

चिकोंडी मलावीहून आली, संत्र्यावरची बुरशी शिकाले.
मोबाइलच्या नकाशात आमचं गाव
म्हणजे नुसता पांढरा डाग, पुढं काईच नाई.
म्या सांगतलं:
टाकीपासून डाव्या हाताले वळजो,
जुना निंब होता तिथून खाली,
बेबीबाईच्या गिरणीचा आवाज आला का थांबजो.
"निंब कुठे?"
तोडला ना बाई, नव्वद साली.
हासली. वहीत लिवलं. दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा कुत्र्यानंही भुकणं सोडलं.

परवा मोर्शीचा एक औषधवाला
फटफटी थांबवून तिलेच घर पुसत होता.
म्या ओट्यावरून आयकलं,
हात लंबा करून सांगत होती:
"निंबापासून खाली जा."

थो बिचारा
वर पायत राह्यला.