अंगठ्यानं मोजायची नाही

पहिल्या दिवशी नन्नावरे सिस्टर एवढंच म्हणाल्या:
तीन बोटं ठेवायची. अंगठा नाही.
अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते.

आम्ही अकरा जणी, नवे पांढरे बूट चावणाऱ्या,
सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात, मोह गळायच्या दिवसांत.
सुई टोचायला शिकलो होतो संत्र्यावर.
संत्रं हात मागं घेत नाही.
संत्र्याची आई उशाशी बसून
आपल्या बोटांकडं बघत नाही.

दादानं चिमूरच्या बाजारातून घड्याळ आणलं,
सेकंदकाट्याचं, मी सांगितलं होतं तसं.
"एवढा बारका काटा कायले लागते वो तुले?"

तो काटा घेऊन फिरले या खाटेवरून त्या खाटेवर.

कालचं बाळ. स्टेथोस्कोपची चकती
त्याच्या अर्ध्या छातीएवढी.
एकशे बेचाळीस.
मोजता मोजता माझीच दमछाक.

हर्षल गेडाम, वय नऊ, सिकलसेल.
मी चादरीचे कोपरे पुस्तकातल्यासारखे दुमडले,
त्यानं पायानं उसकटले, ताण सोसवेना.
"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. मार्क कापले नाहीत.

बिजाबाई मडावी. मोह वेचताना
अस्वलानं खांदा ओरबाडलेला.
ड्रेसिंग सोडवताना डोळे मिटले ते मी.
तिनं विचारलं, "पोरी, तुले लागलं का?"

आणि पुरुष वॉर्ड, बेड सात.
सखारू पेंदाम, वय अंदाजे सत्तर.
काल म्हणाले होते, कोन्या गावची वो तू?
आज चारच्या वेळी सून नळावर गेलेली,
ते भिंतीकडं तोंड करून.
मनगट धरलं. तीन बोटांना काही लागेना.
सरकवली. दाबली. पुन्हा सरकवली.
मग कळायच्या आत अंगठा टेकला,

आणि लागली.
अठ्ठ्याण्णव. ठसठशीत, तरणीबांड.
मी तक्त्यावर ठिपका दिला,
पट्टीनं सकाळच्या ठिपक्याला जोडला.

सिस्टरनी तक्ता बघितला. त्यांचा चेहरा बघितला.
मग माझा.
मानेवर तीन बोटं ठेवून
बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या.
डॉक्टर आले, गेले. सून आली.
तिच्या हातातली बाटली भरलेलीच राहिली.

मला वाटलं, आता बोलतील.
"व्हाइटनर लावायचं नाही," त्या म्हणाल्या.
"एक आडवी रेघ मार. बाजूला सही.
चुकलेलंही वाचता आलं पाहिजे.
आणि कोमट पाणी आण, निकुरे.
पुसताना त्यांच्याशी बोलायचं."

काय बोलायचं, ते कुठल्याच धड्यात नव्हतं.
बाबा, हात उचलते हं.
बाबा, जरा कुशीवर.
बाबा, मी शंकरपूरची.

अजून असेल तो कागद
एखाद्या लोखंडी कपाटात, धुळीत:
त्यांच्या नावाखाली माझे अठ्ठ्याण्णव ठोके,
वरून एक रेघ, वाचता येतील असे.

सहाला पुन्हा फेरी.
बेड आठचे आजोबा सगळं बघत जागे होते.
मी काही म्हणायच्या आधीच
त्यांनी पांघरुणातून हात काढला.
"माही बी पाय वो माय. आहे का?"

हात धुतलेले, अजून ओले.
तीन बोटं.
आहे, म्हटलं.
थांबा. बोलू नका.
मोजू द्या.