चौथा ठोका

सायलस निर्मळचा अल्बम आला तेव्हा
जालन्यात मोसंबीचा लिलाव चालू होता
आणि मी बियाण्याच्या गाडीत,
कपाशीची पाकिटं घेऊन अंबड रस्त्याला.
खाकी लिफाफ्यात सीडी त्यानंच आणून दिली.
काही बोलला नाही. चहाही घेतला नाही.

बत्तीस वर्षांनी.
मिशन कंपाउंडच्या हॉलमध्ये
हाच माणूस गिटार अशी वाजवायचा
की गल्लीची लाइट गेली तरी
लोक म्हणायचे, सायलसनंच घालवली.
मागं ड्रमवर मी. अंधारात मी एकटाच चालू,
कारण ड्रमला वीज लागत नाही.

आणि आता हे काय करायलाय हा?
तीन-तीन मिनिटांची गोड गाणी,
वर कीबोर्डची साय,
कोरसला भाचीचा आवाज.
गिटार शोधावी लागते,
वरणात कढीपत्ता शोधावा तशी.
"म्हातारा झाला," फत्तेसिंग म्हणाला,
ज्याचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेत.
रेडिओवर एकदा लागलं म्हणे, पहाटे,
हवामानाच्या आधी.
तीनशे प्रती काढलेल्या.
दोनशे साठ त्याच्या दिवाणाखाली.

माझा राग वेगळा होता.
कव्हरवर बारीक अक्षरात: ड्रम, मशीन.
मी इथंच होतो की. सहा किलोमीटरवर.

तरी सीडी गाडीतच राहिली. काढायचा कंटाळा.
तिसऱ्यांदा ऐकताना, रोहिलागडच्या अलीकडं,
पाचव्या गाण्यात
चौथा ठोका उशिरा पडला.
किंचित. केसभर.
पुढच्या ओळीत पुन्हा. तिथंच.

गाडी बाजूला घेतली.
ही खोड माझी आहे.
हिच्यावरून त्यानं मला भर कार्यक्रमात
शिव्या घातल्या होत्या, माईक चालू असताना.
मशीन चुकत नाही.
तिला चुकवावं लागतं, एकेक ठोका
हातानं मागं ओढून.

फोन लावला. "पाचवं गाणं..."
"कळलं का," तो म्हणाला.
"दोन महिने गेले त्यात. तुझ्याइतका उशीर जमेना."
"मग मलाच बोलवायचं."
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
"तू आता बरोबर वाजवशील, वाटलं."

एक ट्रक गेला सळया घेऊन, लांबपर्यंत खणखणत.
मागं पाकिटं घसरली होती, ती नीट लावली.
सहावं गाणं खरंच वाईट आहे.
तेही ऐकलं.