नाका

आजऱ्याहून आलो तेव्हा पत्रादेवीच्या नाक्यावर
पोलिसानं आईला बोचकं सोडायला लावलं:
सुया, बक्कलं, कंगवे, काळे मणी,
आणि तळाशी माझी शाळेची पाटी.
पाटीकडे बघून म्हणाला, जा.

म्हापशात शुक्रवारी पहाटेच जागा धरावी लागते.
आम्हाला मिळाली ती चणेकाराच्या मागची, गटारालगतची.
दहा वाजले तरी भवानी नाही.
आईनं सुयांचं एक पाकीट माझ्या हातात दिलं:
"पैसे मागू नकोस. पैसा सुटत नाही लोकांच्या हातून.
वस्तूवर वस्तू माग. दोघींचं जेवण व्हावं, एवढंच."

पहिल्यांदा पोदेर. सायकलला भोंपू, मागे डाली.
सुया पुढे केल्या, पोयांकडे बोट दाखवलं.
"नाका," तो म्हणाला.
मला वाटलं, नाक्याचं काहीतरी विचारतोय.
म्हटलं, "हो, तिथूनच आलो."
हसला, आणि भोंपू वाजवत गेला.

नाका म्हणाली मोयऱ्याची केळीवाली.
नाका म्हणाला मडक्यांआड बसलेला कुंभार.
चॉरिसांच्या माळांमागची बाई तर मान न उचलता,
"नाका गो बाय, नाका."
सातव्या वेळी मला कळलं,
इथं हा शब्द रस्तोरस्ती उभा असतो,
बोचकं सोडायला लावणारा.

मग सोडलं बोचकं. बोलत सुटले.
सुई किती बारीक, किती चकचकीत,
कधी गंजत नाही (हे खोटं),
आणि जितकं बोलले तितके लोक मागे सरकले.
एका आजोबांनी खिशातली आल्याची गोळी दिली,
मी गप्प बसावं म्हणून.
खाल्ली.
तो सौदा धरायचा की नाही, अजून ठरलेलं नाही.

सुकी सुंगटं विकणारी पिएदाद
(नाव नंतर कळलं, पुढं तेरा वर्षं तिच्या शेजारी बसलो)
फाटक्या छत्रीशी झटत होती.
दोरा ओला करायची, एक डोळा मिटायची, नेम धरायची,
आणि दोरा सुईला वळसा घालून निघून जायचा.
मी काही बोलले नाही.
तिच्या हातातून दोरा घेतला, ओवला, परत दिला.
मग तिथंच बसून माझ्या पाकिटातल्या
एकेका सुईत ओवत गेले.
काळा, काळा, पांढरा, काळा.
रीळ तिचं, सुया माझ्या,
कोण कोणाला काय देतंय याचा हिशेब लागेना.

तिनं कागदात मूठभर सुंगटं बांधली.
थोडं थांबून आणखी चार.

ती सुंगटं स्टँडवरच्या एका पोरानं
घड्याळाच्या बदल्यात नेली.
घड्याळात नुसते काटे. आत यंत्रच नाही.
रडले, तिथंच, कदंबाच्या चाकाशी.
पोटभर रडून झाल्यावर
घड्याळवाल्या कायतानकडे गेले.
"आत काही नाही," आधीच सांगून टाकलं.
खरं बोलायला किती कमी शब्द लागतात!
त्यानं काचेवर नख वाजवलं.
काचच हवी होती त्याला.
स्वतःच्या डब्यातल्या दोन पोया दिल्या
आणि एक तळलेला बांगडा.

आईनं बांगड्याचं डोकं तेवढं स्वतःकडे घेतलं.
"सुया?"
पाकीट विसरले होते पिएदादकडे.
आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारी उजाडता उजाडता
पिएदादनं आपलं गोणपाट हातभर सरकवलं.
मोकळ्या झालेल्या जागेवर पाकीट ठेवलं होतं,
एकही सुई कमी नाही,
सगळ्यांना दोरे.

आमच्याकडे सुईच्या भोकालाही नाकं म्हणतात.
आई सांगायची, टोक ओलं कर, पीळ दे,
घाई करू नकोस, हात थरथरला तर थांब.
आता माझं दुकान आहे, दिवसभर माणसं येतात, जातात.
कोणी नाही म्हटलं
की माझी जीभ आपसूक ओठांवरून फिरते,
हातात दोरा नसताना.